घर जुलैत बघा, काम जानेवारीत करा

दरवर्षी गणपतीला आमच्या घरात एक विषय हमखास निघतो. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की ओटीवर बसल्या बसल्या कुणीतरी वर कौलांकडे बघतो आणि म्हणतो, "आता हे पाडूया. छानपैकी स्लॅबचं घर बांधू." मग अर्धे चाकरमानी एका बाजूला, अर्धे दुसऱ्या बाजूला. पाच दिवसांत निकाल लागत नाही आणि गणपतीबरोबर विषयाचंही विसर्जन होतं. २०१७ साली मात्र तसं झालं नाही, कारण त्या जुलैत आई घरातच पडली.

आमचं घर फोंडाघाटला. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत रस्ता सह्याद्री उतरतो, तिथे पायथ्याशी हे गाव आहे. रस्ता पुढे कणकवली-देवगडकडे जातो. समुद्रावरून आलेले ढग घाटाला अडतात आणि आमच्या डोक्यावर रिकामे होतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घर पणजोबांनी बांधलेलं, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातलं. उंच जोतं, चिऱ्याच्या जाड भिंती, जोडायला आणि गिलाव्याला माती, फणसाचे खांब, वर मंगळुरी कौलं. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागच्या दारी न्हाणी.

हे घर आम्ही एकदा 'मॉडर्न' केलं होतं. २००८ साली थोरल्या दादानं हौसेनं पैसे पाठवले. माजघरात चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, आतल्या मातीच्या भिंती खरवडून सिमेंटचा गिलावा केला, त्यावर ऑइलपेंट, आणि वर पीओपीचं छत. त्या गणपतीला सगळ्यांनी वाहवा केली. दोन पावसाळे गेले. भिंतीला खालून गुडघ्यापर्यंत पोपडे धरले, पांढरा लोणा फुटला. गिलावा टिचकी मारली की पोकळ वाजू लागला. छतावर तपकिरी डाग पडले, पण कौल नेमकं कुठे फुटलंय ते दिसेना, कारण मध्ये छत. आणि पावसाळ्यात टाइल्सना घाम यायचा. त्या घामावरूनच आई रात्री न्हाणीकडे जाताना घसरली. नशीब, मनगटावर निभावलं.

डॉक्टर म्हणाले, या वयात असं घर धोक्याचं. दादा म्हणाला, तिला मुंबईला नेतो. आईचं एकच वाक्य, "माका हयच रवाचा हा." प्रश्न सोपा झाला आणि अवघडही. घर पाडायचं नाही, आई हलणार नाही, मग शहात्तर वर्षांच्या बाईला सुखानं राहता येईल असं हे घर आतून कसं करायचं? त्या खटपटीत जे शिकलो, ते सांगतो. कोकणात अशी घरं गावोगावी आहेत आणि अनेक घरांत एक-दोन म्हातारी माणसंच उरली आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे आपली भिंत कशाची आहे हे समजून घेणं. चिरा म्हणजे जांभा दगड. फ्रान्सिस ब्युकॅनन नावाच्या इंग्रज कंपनीच्या अधिकाऱ्यानं केरळात अंगडीपुरम इथे हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याला 'लॅटराइट' असं नाव दिलं. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. नाव नेमकं आहे. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, विटेसारखा कापता येतो, आणि हवा लागली की कठीण होतो. यात लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं असतात. लोहामुळे लाल रंग येतो. आणि अंगभर भोकं असतात. चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओता, बघता बघता पिऊन टाकतो.

अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते. दिव्याची वात तेल ओढते तशीच. आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं. त्यांनी ओल अडवायचा प्रयत्न केला नाही, तिला बाहेर जायला वाट ठेवली. भिंत मातीनं जोडली, मातीनं किंवा चुन्यानं लिंपली. ओल वर चढली तरी दोन्ही अंगांनी वाळून जायची. पावसाळाभर भिंत ओलसर, दिवाळीनंतर हळूहळू कोरडी, असं तिचं वर्षाचं चक्र होतं. सिमेंट त्या काळी आपल्याकडे नव्हतंच. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात १८२४ चं, पण पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला तो १९१४ साली.

सिमेंटचा गिलावा घट्ट असतो आणि त्यावर ऑइलपेंट म्हणजे तर कातडंच. जमिनीतली ओल थांबत नाही, तिची बाहेर पडायची वाट तेवढी बंद होते. मग ती आणखी वर चढते. बरोबर आणलेले क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा सुटतो. आतली मातीची जोडणी तोवर भुसभुशीत झालेली असते. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं आमची भिंत बघून हे सगळं एका वाक्यात सांगितलं, "झिला, भिंतीक रेनकोट घातलास, तर आतलो घाम जातलो खंय?"

ही चूक आपलीच आहे असं मानू नका. इंग्लंडात व्हिक्टोरियन काळातली घरं ओळीनं उभी आहेत, बहुतेकांच्या भिंती विटांच्या, भरीव, चुन्यात बांधलेल्या. विसाव्या शतकात तिकडेही लोकांनी त्यांना सिमेंट फासलं आणि घरात ओल कोंडून घेतली. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. ती आजही काम करते, आणि जुन्या भरीव भिंतीला चुना वापरा, सिमेंट नको, असंच घरमालकांना सांगते. लंडनचा पाऊस आमच्या पावसापुढे काहीच नाही. तिथे जे खरं, ते फोंडाघाटला दुपटीनं खरं.

तेव्हा आम्ही पहिलं काम केलं ते सिमेंट काढण्याचं. दिवाळीनंतर गिलावा उतरवला आणि भिंत दोन महिने उघडी ठेवली. घर भयंकर दिसत होतं. येणारा-जाणारा विचारायचा, "पाडताय की काय?" पण भिंत वाळली. मग चुन्याचा गिलावा केला, साधारण एक भाग चुन्याला तीन भाग रेती. रेती खाडीची असेल तर ती खारट असते, गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय वापरू नये. नाहीतर लोणा आपणच भिंतीत भरतो. चुना घाईचा नाही. पातळ थर द्यायचा, काही दिवस तो ओलसर राखायचा, मग दुसरा थर. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो कित्येक महिने घट्ट होत राहतो. वरून चुन्याचीच सफेदी. भिंतीला हात लावला की थोडी पांढरी होते बोटं, एवढीच तक्रार. काम करताना डोळ्यांना आणि हातांना मात्र जपा, चुना भाजतो.

भिंतीइतकंच महत्त्वाचं भिंतीबाहेरचं पाणी. आमच्या खळ्यात कधीतरी घातलेल्या काँक्रीटचा उतार घराकडे होता. पागोळ्यांचं सगळं पाणी जोत्याशी येऊन थांबायचं. तो उतार फिरवला आणि पागोळीखाली घराभोवती उघडं गटार काढलं. पश्चिमेच्या बाजूला पावसाळ्यात पूर्वी झावळ्यांच्या झडी बांधायचे. आता आम्ही त्या जागी जाड ताडपत्री बांधतो आणि दसऱ्याला काढतो. आतल्या खोलीची ओल कमी करायची तर आधी बाहेर खोदायचं, हे मला पटायला वेळ लागला.

आता छपराकडे येऊ. मंगळुरी कौलाची गोष्ट मोठी गमतीची. बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला. त्याआधी आपल्याकडे गवत किंवा कुंभाराची नळ्यांची कौलं. मंगळुरी कौल चपटं, एकमेकांत अडकणारं. ते समुद्रमार्गे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. म्हणजे आज आपण 'पारंपरिक' म्हणून ज्याचं कौतुक करतो, ते पणजोबांच्या वेळी अगदी नवीन, कारखान्यात बनलेलं होतं. त्यांनीही घर मॉडर्नच केलं होतं! फक्त इथल्या पावसाला मानवेल असं नवं निवडलं होतं.

कौलाऐवजी स्लॅब घालावा का? जरूर घालावा, पण आधी गावात एक चक्कर मारावी. किती स्लॅबच्या घरांवर पुन्हा पत्र्याची शेड उभी आहे ते मोजावं. एवढ्या पावसात सपाट छपरावर पाणी थांबतं, भेगा शोधतं. शेवटी पैसे दोनदा खर्च होतात आणि उतरतं छप्पर काही सुटत नाही.

पीओपीचं छत आम्ही काढून टाकलं, त्याची दोन कारणं. एक, कौल फुटलं तर थेंब लगेच दिसला पाहिजे. छतावर मुरलेलं पाणी रीप आणि वासे कुजवतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरं कारण आईचं. गणपतीच्या वर माटी बांधायला तुळई लागते. २००८ पासून तिची माटी बिचारी एका लोखंडी स्टँडवर टांगलेली होती. आता ती पुन्हा तुळईला बांधली जाते.

छपराच्या लाकडाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पूर्वी घरात चूल होती. तिच्या धुरानं वासे काळे पडायचे, पण कोरडे राहायचे आणि त्यांना कीड कमी लागायची. गॅस आला, बायकांचे डोळे आणि छाती वाचली, हे फार चांगलं झालं. पण वाशांचा धूरही गेला. त्याची भरपाई आपणच करायला हवी. शाकारणीच्या वेळी दरवर्षी एकेक वासा ठोकून बघायचा, भुसा पडतोय का ते पाहायचं. कीड नसलेल्या लाकडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावायची आपल्याकडची पद्धत चांगली आहे. मात्र ते तेल अंगाला लागलं तर फोड येतात, हातमोजे घालूनच लावावं. वाळवीची माती जोत्यापासून वर चढताना दिसली तर त्या कामातल्या माणसाला बोलवावं, घरी प्रयोग करू नयेत.

जुन्या घराची मोठी तक्रार अंधाराची. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काचेचं कौल. मंगळुरी कौलाच्याच मापाचं मिळतं, भिंत फोडावी लागत नाही. माजघरात दोन आणि स्वयंपाकघरात एक बसवलं. दिवसा दिवा लावायची गरज संपली.

रात्रीच्या दिव्याचं मात्र नीट करावं लागतं. आमच्या घरात लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग होतं, वरचं रबर कडक होऊन तडकलेलं. कौलारू घरात उंदीर वायरी कुरतडतात आणि पावसाळ्यात भिंती ओल्या असतात, म्हणजे धोका दुहेरी. नवीन वायरिंग भिंत खोदून आत घालू नका. मातीच्या जोडणीची भिंत त्यानं कमजोर होते आणि वायरही ओलीत राहते. भिंतीवरून पाइपातून न्या, दिसली तर दिसू द्या. दोन उपकरणांतला फरक समजून घ्या. एमसीबी वायरला वाचवतो, जास्त वीज ओढली गेली तर पडतो. आरसीसीबी माणसाला वाचवतो, वीज भलत्या वाटेनं जमिनीकडे जायला लागली की क्षणात तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असावा. आणि अर्थिंग. जांभ्याची जमीन मे महिन्यात ठणठणीत कोरडी होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहावं. आईच्या खाटेशी एक बटण आणि न्हाणीच्या दाराशी दुसरं, दोन्हींवरून एकच दिवा लागतो. तिला काळोखात चालावं लागत नाही, ही आमच्या सगळ्या कामातली सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात कामाची सोय.

आता न्हाणी आणि संडास. खरं सांगायचं तर जुनं घर राहण्याजोगं होतं की नाही, हे इथेच ठरतं. म्हाताऱ्या माणसाला पावसात मागच्या दारी जावं लागत असेल, तर बाकीची सगळी शोभा फुकट. आम्ही मागच्या पडवीचा कोपरा आत घेतला. इथे मात्र सिमेंट हवंच. फरशीखाली आणि भिंतीला पाणीरोधक थर हवा, खरखरीत टाइल्स हव्यात. सिमेंटशी माझं वैर नाही, ते जिथलं तिथे असावं एवढंच. शक्य असेल तर न्हाणीची ओली भिंत जुन्या भिंतीला चिकटवू नका, मध्ये थोडी फट ठेवून स्वतंत्र उभी करा. धरायच्या दांड्याचीही एक गोष्ट. मातीच्या जोडणीत स्क्रू धरत नाही. नवीन भिंतीत किंवा खांबाला आरपार बोल्टनंच दांडा बसवावा. हातात निघून येणारा दांडा नसलेल्यापेक्षा वाईट.

शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब असावा, आणि जमीन जांभ्याची असेल तर जमेल तितका आणखी लांब, विहिरीच्या खालच्या अंगाला. जो दगड तांब्याभर पाणी पितो, तोच जमिनीखाली घाणही वाहून नेतो.

फरशीचा प्रश्न उरला. शेणानं सारवलेली जमीन पायाला छान, पण दर आठवड्याला सारवणार कोण? व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे पावसाळ्यातली दमट हवा थंड फरशीला लागली की तिचे थेंब वरच राहतात. शिवाय जमिनीची ओल टाइलखाली कोंडते आणि बाजूच्या भिंतींत शिरते. आम्ही टाइल्स काढल्या, खाली दगडांचं सोलिंग केलं आणि पॉलिश न केलेली शहाबादी फरशी चुन्याच्या सांध्यांत बसवली. पावसाळ्यात ती थोडी काळवंडते, पण पाय घसरत नाही. उंबरठे काढले नाहीत, त्यांच्या कडेला पिवळा पट्टा ओढला, म्हणजे कमी दिसणाऱ्याला कळतात.

प्रत्येक जुनं घर वाचवावं असं मी म्हणणार नाही. मुख्य तुळई आतून पोखरली असेल, भिंत ओळंब्यातून सुटून बाहेर कलली असेल, तर जाणकार अभियंत्याला दाखवा आणि तो पाडा म्हणाला तर पाडा. माणसापेक्षा घर मोठं नाही. आणि कामाला हात लावण्याआधी ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून बघा, घरावर किती जणांची नावं आहेत ते. सामायिक घरात एकानं केलेली दुरुस्ती दुसऱ्याला अतिक्रमण वाटते. चुलत्यांची संमती सुरुवातीलाच घेतलेली बरी.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी छप्पर, मग बाहेरचं पाणी, मग वायरिंग, मग न्हाणी, मग भिंती, मग फरशी, रंग सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलट करतो, रंगापासून सुरुवात. आणि वेळ? घर जुलैत बघा, काम जानेवारीत करा. कुठे गळतं, कुठे ओल चढते, कुठे पाय घसरतो, हे फक्त पावसाळा सांगतो. मे महिन्यात सुट्टीवर येऊन घर बघणाऱ्या माणसाला ते कधीच कळत नाही. आमचं पहिलं काम मे महिन्यात ठरलं होतं, हीच आमची मूळ चूक.

रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचं जन्मघर आहे, मालगुंडला केशवसुतांचं. ती जपली आहेत ते योग्यच आहे. पण तिथे कुणी आंघोळ करत नाही, कुणी रात्री उठून पाणी पीत नाही. आपली घरं स्मारकं नाहीत. त्यांत माणसं राहिली तरच ती राहतात. बंद घर दोन-तीन पावसाळ्यांत बसतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. म्हणून जुन्या घरात नवी सोय आणणं ही चैन नाही, घर टिकवायची तीच रीत आहे.

आई आता पंच्याऐंशीला टेकली आहे. घरात एकटीनं वावरते. गणपतीच्या मागच्या भिंतीवर दरवर्षी चित्र काढायची आमची पद्धत ऑइलपेंटनं बंद पडली होती, ती चुन्याच्या भिंतीवर पुन्हा सुरू झाली. गेल्या गणपतीला आरतीनंतर दादा नेहमीसारखा वर कौलांकडे बघत बसला होता. मी म्हटलं, आता विषय निघणार. तो निघालाही. दादानं विचारलं, "ते काचेचं कौल कुठे मिळालं रे? ओटीवरही एक बसवूया."